भात सोडला आणि वारा धरला

पेणेस जन्म काढलेल्या माणसानें भात सोडावा, हें प्रथम ऐकणाऱ्यास थट्टेचें वाटतें. आमचा कुलाबा जिल्हा १९८१ सालीं रायगड झाला. पण नांव बदललें म्हणून ताट बदललें नाहीं. सकाळीं पोहे, दुपारीं वरणभात, मधल्या वेळीं पोह्याचे पापड, रात्रीं मऊ भात आणि मेतकूट, आणि एकादशीला उपवास म्हणून वऱ्याचे तांदूळ, असा आमचा दिनक्रम. पोळी खाल्ली जाते, नाहीं असें नाहीं. परंतु ती भाताची प्रस्तावना. भात झाल्याशिवाय आमच्या घरांत कोणी 'जेवलों' असें म्हणत नाहीं.

असें असतां २०२५ च्या आषाढांत मीं भात सोडला. निमित्त रक्ताच्या तपासणीचें. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा जो आंकडा असतो तो साडेसहा झाला कीं मधुमेह म्हणतात; माझा ७.६ निघाला. वजन ७९ किलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली तींत देशांतील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींहून अधिक सांगितली आहे. त्या अफाट समुदायांत आणखी एका निवृत्त मास्तराची भर पडली, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांनीं मेटफॉर्मिनची एक गोळी लिहून दिली, भात निम्मा करावयास सांगितला, रोज तासभर चालावयास सांगितलें आणि तीन महिन्यांनीं बोलावलें.

निम्मा हा शब्द मला मानवला नाहीं. चाळीस वर्षें ज्यानें मुलांना धातूंचीं रूपें पाठ करविलीं त्याला अर्धें रूप चालत नाहीं. मुलगा मुंबईस नोकरीला असतो. त्यानें शनिवारीं येतांना छापील कागदांचा एक जुडगा आणला. त्यांत पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य करून साखर खालीं आणण्याची रीत दिलेली होती. मीं तो जुडगा दोनदां वाचला, समासांत खुणा केल्या आणि सोमवारपासून भात, पोळी, पोहे, बटाटा, साखर हीं सर्व सोडल्याचें जाहीर केलें. सौ. म्हणाली, "अहो, डॉक्टरांनीं कमी करा म्हटलेंय, सोडा नव्हे." सूनबाईंनीं विचारलें, "बाबा, मग खाणार काय?" पहिल्या वाक्याकडे मीं लक्ष दिलें नाहीं आणि दुसऱ्याचें उत्तर कागदांत तयार होतें.

ही रीत वाटते तशी नवी नव्हे. लंडनमध्यें विल्यम बँटिंग नांवाचे एक गृहस्थ होते. अंत्यविधींची व्यवस्था करणें हा त्यांच्या घराण्याचा धंदा. साठी उलटल्यावर लठ्ठपणानें ते इतके गांजले कीं जिना उतरतांना पाठमोरें उतरावें लागे. कानाच्या तक्रारीसाठीं ते हार्वे नांवाच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हां त्यांनीं पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करावयास सांगितलें. वजन उतरलें, आणि बँटिंग यांनीं १८६३ सालीं आपला अनुभव पत्ररूपानें छापला. तें पत्र इतकें खपलें कीं इंग्रजींत पथ्य करण्याला त्यांच्या नांवावरून क्रियापदच झालें. आमच्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं व्याख्यानें देऊन घरोघर पोंचविलेला दोनच वेळां जेवण्याचा मार्ग आहे, तो निराळा. त्याचा मुख्य भर किती वेळां खावें यावर आहे. माझा पुतण्या त्या मार्गानें जातो आणि सुखी आहे. मी बँटिंगपंथी झालों.

पण बँटिंग यांच्या ताटांत मांस होतें, मासे होते. आमच्यासारख्यांच्या ताटांतून भात उचलला कीं खालीं काय उरतें, याचा विचार मीं केला नव्हता. उरतात कडधान्यें, कोबी, फुलकोबी, दूधदुभतें आणि सुका मेवा. माझ्या ताटांत सकाळीं मूठभर बदाम आणि पनीर, दुपारीं कोबीची कोशिंबीर, फुलकोबीचा कीस करून त्यालाच 'भात' म्हणण्याचा एक अगम्य प्रकार, वाटी दोन वाटी वाल किंवा हरभरे, आणि रात्रीं पुन्हां तेंच, अशी मांडणी झाली. अळंबी आमच्या स्वयंपाकघरांत पूर्वीं कधीं आली नव्हती, तीही आली. नातवानें आजोबांसाठीं बिनसाखरेच्या चॉकलेटच्या वड्या आणल्या. गोड खाल्ल्याचें सुख आणि व्रत न मोडल्याचें पुण्य, दोन्ही एका वेष्टणांत. मी रोज चारपांच खात असें.

पहिल्या पंधरवड्यांत वजन तीन किलो उतरलें. मी भेटेल त्याला सांगत सुटलों. आपल्या यकृतांत आणि स्नायूंत ग्लायकोजेन नांवाचा सांठा असतो आणि तो आपल्या तिप्पट पाणी धरून बसतो. भात बंद झाला कीं आधीं तो सांठा खर्चीं पडतो आणि पाणी वाहून जातें. म्हणजे आरंभींच्या त्या विजयांत चरबी थोडी आणि पाणीच फार होतें. हें मला पुढें कळलें.

तिसऱ्या आठवड्यांत पोट बोलूं लागलें.

संस्कृत वैद्यकांत या विकाराला केवढी शब्दसंपत्ति आहे! पोट ताठ फुगतें तें आध्मान. आंत गुडगुड होते तो आटोप. वर नाहीं खालीं नाहीं असा कोंडतो तो आनाह. हे तीन शब्द मीं अनेक वर्षें नुसते कोशांत पाहिले होते. आतां दुपारीं चारच्या सुमारास एकामागून एक प्रत्यक्ष भेटूं लागले. जेवणानंतर दोनतीन तासांनीं पोट नगाऱ्यासारखें होई, लेंग्याची नाडी सैल करावी लागे. संध्याकाळीं आळींतलीं सातआठ मुलें गीतेचे उच्चार शिकावयास येतात. एके दिवशीं मी 'ऋ'चा उच्चार दाखवीत असतां माझ्या पोटानें तो माझ्याहून स्पष्ट करून दाखविला. मुलांनीं खालीं माना घातल्या, एक चिमुरडी मात्र म्हणाली, "आजोबा, पुन्हां म्हणूं?" त्यानंतर मीं चार दिवस वर्ग बंद ठेवला. एकत्र कुटुंबांत माणूस दागिना लपवूं शकेल, वारा लपवूं शकत नाहीं. आणि लपवूं नये असेंच शास्त्र आहे. चरकाच्या सूत्रस्थानांत सातवा अध्याय या विषयाला दिलेला आहे, आणि जे वेग आवरून धरूं नयेत त्यांत याचीही गणना आहे. परंतु चरकांच्या पुढें दिवाणखान्यांत सुनेच्या माहेरचीं माणसें बसलेलीं नसावींत.

उपाय पुष्कळ केले. ओवा चावला, आल्याचा रस घेतला, ताकांत हिंग घातला, हिंगाष्टक चूर्ण तुपाबरोबर घेतलें. थोडा वेळ बरें वाटे. कोणी म्हणालें इसबगोल घ्या; मीं पहिल्याच रात्रीं दोन मोठे चमचे घोटभर पाण्याबरोबर घेतले आणि सकाळपर्यंत पोटांत सिमेंट कालविल्यासारखें झालें. इसबगोलाला पाणी भरपूर लागतें आणि सुरुवात चमच्यानें नव्हे, अर्ध्या चमच्यानें करावयाची असते. आणि हें सर्व चाललें असतां कोबी, वाल, बदाम आणि त्या वड्या नेमानें पोटांत जातच होत्या. पोट फुगतें म्हणून भूक कमी, भूक कमी म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून पथ्य उत्तम चाललें आहे, अशी माझी तर्कपद्धति होती.

येथपर्यंतचा भाग मी हंसत सांगूं शकतों. पुढचा तसा नाहीं.

माझे थोरले बंधु रोह्यास असत. आम्ही त्यांना दादा म्हणत असूं. २०१८ सालीं त्यांना असाच वारा धरूं लागला. घरचे उपाय झाले, ओळखीच्या एकानें चूर्ण दिलें, दुसऱ्यानें 'वय झालें, गॅस व्हायचाच' असें म्हणून पित्ताच्या गोळ्या दिल्या. दादा सुमारें वर्षभर पितळेची एक डबी खिशांत बाळगून होते. जेवण झालें कीं डबी उघडून चिमूटभर चूर्ण तोंडांत टाकावयाचें. त्या वर्षीं ते बारीक झाले. सगळे म्हणाले, बरें झालें, पोट उतरलें. मीही म्हणालों. मोठ्या आंतड्याचा कर्करोग ध्यानांत आला तेव्हां तो यकृतापर्यंत गेलेला होता. २०१९ च्या दिवाळीनंतर तीन आठवड्यांत ते गेले.

आतां माझेंही पोट फुगत होतें आणि माझेंही वजन उतरत होतें. तें पथ्यानें उतरत होतें कीं दुसऱ्या कशानें, हें मला सांगतां येत नव्हतें; आणि लोक मलाही 'मास्तर, छान बारीक झालांत' असेंच म्हणत होते. रात्रीं जागा होऊन मी पोटावर हात ठेवून पडून राहीं. सौ.ला सांगितलें नाहीं, मुलाला नाहीं. डॉक्टरांची तीन महिन्यांची मुदत भरावयाची होती, ती सबब मला पुरेशी होती. मुलांनीं चूक लपविली तर मी जन्मभर रागावत आलों. आणि येथें मीं स्वतःच दोन महिने वही झांकून ठेविली.

भाद्रपदांत पक्षाला रोह्यास जावयाचें होतें. पेणेहून सकाळची गाडी धरली. कासू, नागोठणें, निडी, रोहें. चाळीसएक किलोमीटरांचा प्रवास, खिडकींतून दोन्ही बाजूंस पोटरीला आलेलीं भातशेतें. वाटभर मी एकच विचार करीत होतों, कीं पानावर भात वाढतील त्याचें काय करावयाचें. श्राद्धाच्या पानावरील अन्नाला नाहीं म्हणणें शक्य नव्हतें, आणि खावें तर दोन महिन्यांचें व्रत मोडतें.

खाल्ला. वरण, भात, तूप, अळूची भाजी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी, एक वडा आणि चमचाभर खीर. श्राद्धाच्या स्वयंपाकांत आमच्याकडे कांदा नाहीं, लसूण नाहीं, कोबी-फुलकोबी नाहीं, हरभरा नाहीं. त्या दिवशीं दुपारीं चार वाजले, पांच वाजले, सहा वाजले, पोट गप्प. रात्रीं मी सहा तास सलग झोंपलों. दोन महिन्यांत असें प्रथमच घडलें होतें, आणि तेंही भात खाऊन!

सकाळीं वहिनींनीं मला विचारलें, "भाऊजी, तुम्ही हल्लीं जेवणानंतर कुशीवर कां वळतां? आल्या दिवशीं रात्रीं पाहिलें मीं." मी म्हणालों, थोडा वारा आहे. वहिनी उठून आंत गेल्या आणि ती पितळेची डबी घेऊन आल्या. माझ्यासमोर ठेविली. म्हणाल्या, "हे पण एवढेंच सांगत होते." मग थोडा वेळ आम्ही दोघेंही कांहीं बोललों नाहीं. पुतण्या आंघोळ करून बाहेर आला तेव्हां त्यांनीं त्याला सांगितलें, "काकांना आजच घेऊन जा. गाडीनें एकटे पेणेस पाठवूं नकोस."

त्यानें नेलें. त्या डॉक्टरांनीं (तरुण होते, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे) सर्व हकीकत ऐकली आणि प्रथम गोळीचें विचारलें. मेटफॉर्मिन चालू केल्यावर अनेकांना पहिले आठवडे पोटांत वारा होतो, शौचास पातळ होतें. जेवणाबरोबर घ्यावी, हळूहळू वाढवावी, न सोसल्यास संथपणें विरघळणाऱ्या प्रकारची घ्यावी. मी ती रिकाम्या पोटीं घेत होतों. मग आहाराचें विचारलें. यादी ऐकून ते हंसले. पण दादांचें ऐकल्यावर हंसणें थांबलें. म्हणाले, तुमचें पोट बहुतेक खाण्यानेंच फुगतें. परंतु साठीनंतर नव्यानें सुरू झालेलें आणि आठवड्यांमागून आठवडे टिकणारें फुगणें 'बहुतेक' वर सोडावयाचें नसतें. त्यांत सख्ख्या भावाला मोठ्या आंतड्याचा कर्करोग. शौचांत रक्त दिसणें, शौचाची रीत बदलणें, अंगांतलें रक्त कमी होणें, न ठरवितां वजन उतरणें, यांपैकीं कांहींही असलें तर एक दिवस दवडूं नये. नसलें तरी भावाच्या कारणास्तव दुर्बिणीची तपासणी आपण यापूर्वींच करावयास हवी होती. आणखी एक गोष्ट त्यांनीं जरा रागानेंच सांगितली. माझी गोळी मेटफॉर्मिनची होती म्हणून निभावलें. मधुमेहाचीं दुसरीं कांहीं औषधें किंवा इन्शुलिन चालू असतां कोणी असा एकाएकीं भात सोडला तर साखर धोक्याइतकी खालीं जाते. पथ्य बदलण्याआधीं औषध देणाऱ्यास विचारावें.

दुर्बिणीची तपासणी पनवेलला झाली. तपासणीपेक्षां आदल्या रात्रीं आंतडें साफ करण्याचें तें चार लिटर औषध पिणेंच अधिक कठिण. दोन लहान मांसांकुर मिळाले. ते त्याच वेळीं काढले. परीक्षेंत त्यांत कर्करोग नव्हता. परंतु वर्षें लोटल्यावर ज्यांतून होऊं शकतो अशा जातीचे होते. वाऱ्याशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता, हें डॉक्टरांनीं मला दोनदां सांगितलें. ते मुकाट्यानें बसले होते. ओरडत होता तो कोबी. कांहीं वर्षांनीं पुन्हां बोलाविलें आहे. मुलालाही चाळिशी गांठली कीं तपासून घ्यावयास सांगितलें आहे.

कोबी कां ओरडतो, हें आतां सांगतों. वाल, हरभरे, राजमा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा कांहीं शर्करा असतात. त्या फोडणारा पाचक रस मनुष्याच्या लहान आंतड्यांत नाहींच, कोणाच्याही नाहीं. त्या तशाच मोठ्या आंतड्यांत उतरतात, तेथल्या जंतूंना मेजवानी होते आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि कोणाकोणाच्या पोटीं मिथेन असे वायु निघतात. कोबींतही त्यांतल्या कांहीं आहेत. कांद्यालसणींत फ्रुक्टान म्हणून दुसरा प्रकार. फुलकोबींत आणि अळंब्यांत मॅनिटॉल. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठांतील संशोधकांनीं २००५ सालीं या सर्व मंडळींना एकत्र बांधून त्यांना एक नांव दिलें, आणि ज्यांचें आंतडें हळवें आहे त्यांनीं तीं कांहीं आठवडे कमी करून मग एकेक परत घेऊन पाहावीं अशी रीत घालून दिली. माझ्या बिनसाखरेच्या वड्यांत मॅनिटॉलचाच भाऊ माल्टिटॉल होता. अति खाल्ल्यास रेचक होईल असें वेष्टणावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलेंही होतें. व्याकरणाच्या पुस्तकांतल्या तळटीपा वाचणाऱ्या मला तें दिसलें नाहीं.

आणि वाल! कडवे वाल हें आमच्या भागाचें भूषण, त्याच्या बिरड्याचा वारा होतो असें आम्ही लहानपणीं ऐकलें नाहीं. मीं हें वहिनींस बोलून दाखविलें तेव्हां त्यांनीं विचारलें, "सुनबाई वाल सोलते ना?" येथें माझी मान खालीं गेली. त्या कागदांत तंतूंचें महत्त्व वाचून मींच सूनबाईंना सांगितलें होतें कीं वाल सोलूं नका, भिजत घालण्यांत वेळ दवडूं नका, सालासकट कुकरांत टाका. वहिनींची रीत अशी: वाल रात्रभर भिजवावयाचे, तें पाणी टाकून द्यावयाचें, फडक्यांत बांधून मोड येऊं द्यावयाचे, मोड आले कीं कोमट पाण्यांत टाकून एकेक सोलावयाचा, मग हिंगाची फोडणी, ओवा, आमसूल. भिजविलेलें पाणी ओतून दिलें कीं त्या शर्करांतील कांहीं भाग त्याबरोबर जातो. आणि मोड येतांना बीज आपल्या वाढीसाठीं तोच सांठा खातें. आमच्या आजीला रॅफिनोज ठाऊक नव्हतें. दुपारभर वाल सोलीत ती काय करीत होती, हें मला सदुसष्टाव्या वर्षीं कळलें. तो दुपारभराचा वेळ आजच्या सुनेनें कोठून आणावा, हा प्रश्न मात्र उरतोच. आमच्याकडे त्याचा निकाल असा झाला आहे, कीं वाल मी सोलतों. गीतेच्या वर्गाच्या आधीं परात पुढें घेऊन बसतों. एक वाटी वाल सोलावयास पाऊण तास लागतो आणि नखें दुखतात.

वाग्भटानें पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूला मोकळा ठेवण्यास सांगितलें आहे. चरकानें तीनच भाग केले आहेत. या मतभेदावर मीं एके काळीं टिपण केलें होतें. सध्यां दुपारीं एक मोजकी वाटी भात, वर वरण आणि चमचाभर तूप, रात्रीं एक भाकरी, भाज्यांत दुधी, पडवळ, भोपळा, दोडका, पालेभाजी, कोबी आठवड्यांतून एकदां, शिजवून, बिरडें अर्धी वाटी, बदाम पांच. वड्या बंद. जेवणानंतर अर्धा तास चालणें. पौषांत आंकडा ६.७ आला, वजन ७३ वर थांबलें आहे. भात पूर्ण सोडला होता तेव्हां आंकडा किती झाला असता कोण जाणे. कदाचित् याहून चांगला झाला असता. ज्यांना तो मार्ग सोसतो त्यांनीं डॉक्टरांच्या नजरेखालीं खुशाल चालवावा. मला सोसला नाहीं. वारा अजूनही कधींमधीं येतो, पण पाहुण्यासारखा. मुक्काम करीत नाहीं.

माघांत पुतण्यानें पोपटीला बोलाविलें म्हणून सर्व मंडळी रोह्यास गेलों. शेतांत मडकें लागलें. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, रताळीं, बटाटे. भोंवतीं पेंढ्याचा जाळ झाला. मडकें उघडल्यावर जो वास सुटतो त्यापुढें कोणतेंही पथ्य टिकत नाहीं, हें ओळखून वहिनींनीं माझ्या द्रोणांत शेंगा स्वतः मोजून घातल्या आणि सुनेला म्हणाल्या, "यांना पुन्हां वाढूं नकोस." त्या कमरेच्या पिशवींतून पितळेची डबी काढून मला ओवा देऊं लागल्या, तेव्हां मीं ती ओळखली. दादांचें उरलेलें चूर्ण त्यांनीं पक्षाच्या दुसऱ्याच दिवशीं परसांत ओतून टाकलें होतें आणि डबी चिंचेनें घासून ठेविली होती. मीं त्यांतला चिमूटभर ओवा घेतला आणि डबी त्यांना परत दिली.